‘ळ’ची धाव

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत मॅरेथॉन असते. पहाटेच्या अंधारात ४२ किलोमीटरवाले सुटतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांना बघायला मी जात नाही. मी जाते ती ऊन थोडं वर आल्यावर सीएसएमटीहून सुटणाऱ्या ‘ड्रीम रन’साठी. जेमतेम सहा किलोमीटरची ही दौड. हिच्यात कुणाची वेळ मोजत नाहीत, कुणाचा पहिला नंबर येत नाही. आणि लोक सोंगं घेऊन येतात. कुणी गांधीजी, कुणी डबेवाला, कुणी झाड, कुणी प्लास्टिकची बाटली. हाफ पँटवर फेटा बांधलेले काका, नऊवारीवर बूट घातलेल्या काकू. सेल्फी काढत, मध्येच ढोलाच्या तालावर नाचत, अधूनमधून आठवण आली तर धावत, ही सगळी वरात पुढे सरकते.

माझ्या ओळखीची बरीच शहाणी माणसं या प्रकाराला नाकं मुरडतात. ‘रस्ते अडवून कसला हा तमाशा?’ म्हणतात. मला मात्र वाटतं, वर्षभर एकमेकांना कोपरं मारत जगणाऱ्या या शहराने स्वतःसाठी राखून ठेवलेल्या थोड्या शहाण्या गोष्टींपैकी ही एक आहे.

मुंबईत बाई धावते कधी, ते आठवून पाहा. लोकल सुटत असताना. किंवा पाऊस आल्यावर गच्चीतले कपडे काढायला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. पाचवीतल्या माझ्या मुली मधल्या सुट्टीत वाऱ्यासारख्या पळतात. आठवीत येईपर्यंत त्यांचं पळणं बंद झालेलं असतं. कुणी मनाई केलेली नसते. ‘बेटा, अब बड़ी हो गई हो’ एवढं एक वाक्य पुरतं. हे वाक्य फक्त आमच्या मोहल्ल्यात बोललं जातं असं समजू नका, दादर-गिरगावातही त्याचं मराठी भाषांतर चालूच असतं. मग पुढची चाळीस वर्षं त्या बाईला धावायला काही ना काही कारण लागतं. ड्रीम रनच्या दिवशी कारण लागत नाही. शेजारी एक टूथब्रश धावत असताना तुमच्याकडे कोण कशाला बघेल?

सोंगाची ही ताकद आपल्याला नवी नाही. वासुदेव मोरपिसांची टोपी घालून दारात यायचा, बहुरूपी फौजदार बनून खऱ्या सावकाराला दरडवायचा, आणि लोक हसत हसत त्याच्या झोळीत पसा टाकायचे. विदर्भात माझ्या आजोळी मोहरममध्ये अंगावर पिवळे-काळे पट्टे रंगवून ‘वाघ’ निघायचे. नवस फेडायला वाघ झालेल्यांत हिंदू घरांतली पोरंही असायची. रंग चढला की कोण कुणाचा, हा प्रश्न तेवढ्यापुरता मिटायचा.

अशा वेडेपणाची सर्वांत प्रसिद्ध दौड सातासमुद्रापार आहे. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने हादरलं आणि त्यानंतर लागलेल्या आगींनी शहराचा मोठा भाग खाक केला. सुमारे तीन हजार माणसं गेली. शहर पुन्हा उभं राहत होतं, तेव्हा लोकांची उमेद वाढावी म्हणून १ जानेवारी १९१२ला त्यांनी शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शर्यत ठेवली. दुसऱ्या महायुद्धातही ती बंद पडली नाही. पुढे तिचं नाव ‘बे टू ब्रेकर्स’ झालं. खाडीपासून निघायचं आणि पलीकडे प्रशांत महासागराच्या लाटा फुटतात तिथे थांबायचं, साधारण १२ किलोमीटर. १९८६ मध्ये तिथे एक लाखाहून अधिक लोक जमले आणि गिनेस बुकात नोंद झाली. तेरा जण एकमेकांना बांधून घेतात आणि गोम होऊन धावतात. काही जण सामन मासे बनून उलट्या दिशेने, गर्दीला चिरत येतात, कारण सामन प्रवाहाच्या विरुद्ध पोहतो! एवढाच विनोद, आणि तेवढा पुरतो.

पण त्याच दौडीतलं एक सोंग विनोदाचं नव्हतं. १९४० मध्ये बॉबी बर्क नावाची बाई पुरुषाचा वेष करून धावली, कारण बायकांना त्या शर्यतीत प्रवेशच नव्हता. तो मिळायला १९७१ उजाडलं. म्हणजे ज्या रस्त्यावर इतरांनी हौसेसाठी सोंग काढलं, तिथे तिला नुसतं धावता यावं म्हणून सोंग घ्यावं लागलं. रस्त्यावर मजा करण्याचा हक्क सगळ्यांना सारखा मिळत नाही, हे मी याहून थोडक्यात सांगू शकणार नाही.

आता आपल्याकडचा माझा आक्षेप. आपली सोंगं फार गुणी आहेत. झाड झालेला माणूस ‘झाडे लावा’ची पाटी घेतो, बाटली झालेली मुलगी ‘प्लास्टिक टाळा’ म्हणते. चांगलंच आहे. अनेक सेवाभावी संस्थांना या दौडीतून निधी मिळतो, त्या कामाची मला कदर आहे. पण नुसतं हसायला आलेल्या माणसाच्या हातातही आपण पाटी देतो. जणू आनंदाला ओळखपत्र लागतं.

करोनामुळे दोन वर्षं मॅरेथॉन झाली नाही. २०२३ मध्ये ती परत आली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही तिघी शिक्षिकांनी एका संस्थेमार्फत नाव नोंदवलं. मी ‘ळ’ झाले. उर्दूत हे अक्षर नाही, त्यामुळे माझ्या वर्गात शाळेची ‘शाला’ होते आणि ‘बाल रडतंय’ असं वाचल्यावर नक्की कोण रडतंय ते कळत नाही. वर्षभर या अक्षराने मला छळलं होतं, म्हणून पुठ्ठा कापून मीच ते अंगावर चढवलं. ‘ळ’ धावायला तसा सोयीचा आहे, दोन गोल पोटांतून दोन हात बाहेर काढता येतात. फक्त मरीन ड्राइव्हचा वारा त्याला शिडासारखा ढकलतो.

वाटेत एका तरुण छायाचित्रकाराने थांबवलं. माझ्या डोक्यावरची ओढणी बघून म्हणाला, ‘मॅडम, तुमचा संदेश काय?’ मी म्हटलं, ‘संदेश नाही, मी ळ आहे.’ तो गोंधळला. ‘नाही म्हणजे, तुमच्यासारख्या महिला धावताहेत, हाच केवढा मोठा संदेश आहे! जरा हा तिरंगा धरता का?’ तिरंगा माझाच आहे. पंधरा ऑगस्टला शाळेत त्याची दोरी माझ्याच हातात असते. पण त्या सकाळी मला एकात्मतेचं पोस्टर व्हायचं नव्हतं. शेजारच्या टूथब्रशला त्याने झेंडा दिला नव्हता. टूथब्रशला नुसता टूथब्रश असण्याची मुभा होती.

पोरगा भला होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण आमच्यासारख्यांना दोनच चौकटी मिळतात: एक तर संशयाची, नाही तर आदर्शाची. रिकामटेकडं हसण्याची चौकट मिळत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये आलं. बायकांना शहरात विनाकारण रेंगाळता आलं पाहिजे, असं त्यात ठामपणे मांडलंय. मला त्यात एक पुरवणी जोडायची आहे: विनाकारण वेडेपणाही करता आला पाहिजे, आणि तो कुणालाही.

ड्रीम रनला शुल्क पडतं, जागा कंपन्या नि संस्थांमार्फत भरतात. माझ्या विद्यार्थिनी अडथळ्यांच्या या बाजूला उभ्या राहून टाळ्या वाजवतात. म्हणून मोठ्या दौडीची वाट न बघता अशा दौडी गल्लीगल्लीत व्हाव्यात, असं मला वाटतं. शाळेच्या क्रीडादिनी मैदानाला तीन फेऱ्या, सोंग सक्तीचं, पाटीला बंदी, नंबर कुणालाच नाही, आणि आठवी-नववीच्या मुली सर्वांत पुढे. आमच्या शाळेत मी प्रस्ताव ठेवलाय. मुख्याध्यापिका बाईंनी ‘पाहू’ म्हटलंय. मुलींना एवढं पुरलं. एकीने गॅस सिलिंडर व्हायचं नक्की केलंय, एकीला समोसा व्हायचंय. आठवीतली सर्वांत गप्प मुलगी म्हणाली, ‘टीचर, मी वेळांटी होते. पण ऱ्हस्व की दीर्घ, ते धावताना ठरवीन.’