तुतारीविना पट

दोस्तांनो, खेळ रंगात आलेला असताना कुणी नियम बदलला तर तुम्ही काय करता? भांडता! आणि ज्याची बॅट असते तो बॅट घेऊन सरळ घरी जातो. मोठ्यांच्या खेळात तशी सोय नाही. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. त्यामुळे आघाडीवरच्या संघाला नुसता वेळ काढता येत नाही. खेळाडूंची पंचाईत, पण बघणाऱ्यांची मजा!

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या एका खेळाचे नियमही असेच बदलले. कोणता खेळ? अहो, शंकरपट!

धान घरात आलं, संक्रांत जवळ आली, की लाखनी, साकोली, लाखांदूरकडच्या गावांना पटाचे वेध लागतात. पाव्हण्यांनी घर भरतं, लेकी माहेरी येतात. दिवसा बैलजोड्या धावतात आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक, तेही पार उजाडेपर्यंत. भजीवाला, फुगेवाला, नाटकवाला, सगळ्यांचं पोट त्या दोन-तीन दिवसांवर.

पण मित्रांनो, या खेळाला दुसरीही बाजू आहे. तुतारी म्हटलं की तुम्हाला वाजवायची तुतारी आठवेल. आपल्याकडे बैल हाकायच्या आरीच्या काठीलाही तुतारीच म्हणतात. लहानपणी मी एका पटात अगदी पुढं उभा होतो. जोडी जिंकली, गुलाल उधळला, आणि माझ्यासमोरून गेलेल्या बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे ठिपके दिसले. टाळ्या वाजवता वाजवता माझे हात थांबले. घरी कुणाला बोललो नाही, पण दुसऱ्या दिवशी पटाला गेलोही नाही.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतला जल्लीकट्टू आणि आपल्याकडच्या बैलांच्या शर्यती बंद केल्या. बैल हा घोड्यासारखा शर्यतीत धावायला घडलेला प्राणी नाही, त्याला पळवण्यासाठी छळावं लागतं, असं न्यायालयाचं म्हणणं. कबड्डीपटूला नियम पटला नाही तर तो तक्रार करू शकतो. बैल कुणाकडे करणार?

झालं, पट थांबले. पटाची जोडी म्हणजे घरातलं लाडकं लेकरू. तिला ढेप, सरकी, रोजचा सराव आणि नांगराला सहसा हात नाही. शर्यतच नाही तर एवढा खुराक परवडणार कसा? आमच्या ओळखीच्या एका मामांनी जोडी विकली. ते नामांकित धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारे. मला म्हणाले, "नियम बैलाच्या भल्याचा हाय, मान्य हाय बाप्पा. पण माहा बैल गेला कोठं, हे कोनं पायलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आजही नाही.

2017 मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात बदल केला, पण प्रकरण पुन्हा कोर्टात अडकलं. अखेर 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू आणि कर्नाटकाबरोबर महाराष्ट्राचाही कायदा वैध ठरवला.

पट परत आला, पण जुना नव्हे. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बैल धडधाकट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. धाव हजार मीटरपेक्षा जास्त नको. आणि मुख्य म्हणजे काठी, चाबूक, तुतारी, विजेचा झटका, सगळं बंद! बैलाचा छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

आता गंमत बघा. तुतारी गेली आणि जिंकायची रीतच बदलायला हवी. पूर्वी ऐन वेळी टोचून जोडी पळवता यायची. आता तयारी वर्षभराची. बैलाला धुरकऱ्याची हाक ओळखता आली पाहिजे, जोडीतल्या दोघांची चाल जुळली पाहिजे. अर्थात नियम कागदावर असतो आणि पट शेतात. हजारोंच्या गर्दीत एखाद्यानं बाहीत काही लपवलं, तर ते आधी दिसणार कुणाला? कडेला उभ्या असलेल्या तुम्हा-आम्हालाच.

मामांनी पुन्हा एक जोडी घेतली आहे. परवा भेटले तेव्हा विचारलं, "मामा, काठीशिवाय धावतात का हो?"

"धावतेत नं! रोज बोला लागते त्याहिच्यासंग."

"आणि ऐकतात?"

"माहं आयकतेत," मामा मिशीत हसले, "पोराचं नाई आयकत अजून."