स्टेट काँग्रेस चुकली नव्हती

परवा भूममध्ये एका व्याख्यानाला गेलो आणि चिडून घरी आलो. वक्ते म्हणाले, हैदराबाद स्टेट काँग्रेसने निजामाच्या कायदेमंडळाच्या 1946-47 च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला नसता, तर निजामाचे हत्यारबंद पाठीराखे रझाकार एवढे माजलेच नसते. कायदेमंडळात बसून काहीतरी तोडगा निघाला असता. टाळ्या पडल्या. निजामाच्या मोगलाईत ज्यांच्या आज्या-पणज्यांनी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गाठोडी सोडून दाखवली, त्यांचीच नातवंडं टाळ्या वाजवत होती.

त्या कायदेमंडळाचा हिशोब आधी मांडतो. अय्यंगार समितीच्या शिफारशींवरून जुलै 1939 मध्ये निजाम सरकारने सुधारणा जाहीर केल्या. सप्टेंबरात महायुद्ध पेटलं आणि त्या बासनात गुंडाळल्या गेल्या, त्या थेट 1946 साली बाहेर निघाल्या. गाभा तोच राहिला. मतदारसंघ गावांचे-तालुक्यांचे नव्हते, धंद्यांचे आणि हितसंबंधांचे होते. मुसलमानांची वस्ती जेमतेम 13 टक्के, पण हिंदू-मुसलमान सभासद समसमान. मंत्रिमंडळ निजामाला जबाबदार, सभागृहाला नाही. यात गरीब मुसलमानाच्याही पदरात काही पडणार नव्हतं. विरोधात लिहिणाऱ्या मुसलमानालाही सोडलं नाही: ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांना ऑगस्ट 1948 मध्ये मारलं ते रझाकारांनीच.

व्याख्यान ऐकताना मला सारखा सीरिया आठवत होता. 13 एप्रिल 2016 ला, ऐन यादवीत, तिथे संसदेची निवडणूक झाली. मतदान फक्त असद सरकारच्या ताब्यातल्या भागात. त्याच दिवशी जिनिव्हात शांततेच्या वाटाघाटी पुन्हा सुरू होत होत्या. विरोधकांनी बहिष्कार टाकला. 250 पैकी 200 जागा बाथ पक्ष आणि त्याच्या जोडीदारांना मिळाल्या. म्हणजे दमास्कसचा निकालही हैदराबादच्या हिशोबासारखाच, पेटी उघडण्याआधी लागलेला. अशा सभागृहात विरोधक गेले असते तर काय मिळालं असतं? दोन-चार खुर्च्या, आणि सरकारला जगापुढे मिरवायला एक फोटो. स्टेट काँग्रेसने तो फोटो निजामाला मिळू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी खव्याच्या भट्टीवर हाच विषय निघाला. भट्टीवाला कढईतलं दूध घोटत होता, घामाने भिजलेला, हात थांबत नव्हता. तो म्हणाला, “सर, मत टाकायचं न्हाई म्हंजी घरात बसायचंच की.” शंका अगदी नेमकी होती. कढईजवळून माणूस उठून गेला तर दूध करपतं, हे त्याला कोणी शिकवायला नको.

स्टेट काँग्रेस कढईजवळून उठली नव्हती. 7 ऑगस्ट 1947 ला ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला गेला. स्वामी रामानंद तीर्थ 15 ऑगस्टला तिरंगा फडकवून तुरुंगात गेले. लोकांनी सरकारला महसूल देणारी शिंदीची झाडं तोडली, सक्तीच्या धान्यवसुलीची लेव्ही नाकारली, करोडगिरी नाके उठवले, बार्शी-सोलापूरच्या सरहद्दीवर सैनिकांचे कॅम्प उभे राहिले. सभागृहाबाहेर राहिलेल्या पक्षाने गावागावात काम लावलं. सीरियातही गावोगावी लोकांनी समित्या केल्या होत्या. पण त्यांना वरून विमानांनी आणि खालून बंदूकवाल्या टोळ्यांनी भरडलं, आणि बहिष्कार पुकारणारे नेते परदेशात होते. माझ्या मते सगळा फरक इथे आहे.

आणि त्या सभागृहांचं झालं काय? 13 सप्टेंबर 1948 ला नळदुर्गच्या बाजूने भारतीय फौज आत आली आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्या पाच दिवसांत कायदेमंडळ कोणाच्या कामी आलं नाही. डिसेंबर 2024 मध्ये असद देश सोडून पळाले, तेव्हा त्यांची जुलैमध्येच निवडलेली संसद अशीच बघत राहिली.

एक मुद्दा मांडतो, कारण तो सुटलेला नाही. मुक्तिसंग्राम आपण 17 सप्टेंबरच्या झेंड्यापुरता ठेवला, म्हणून कोणीही उठून त्याला चूक ठरवतो आणि टाळ्या घेतो. दुसरीकडे, निवडणूक आली की आपल्याकडच्या वाड्या-वस्त्यांवर ‘रस्ता नाही तर मत नाही’चे फलक लागतात. त्यांचा राग खरा आहे, चिखलातून बाळंतिणीला खाटेवरून नेणाऱ्यांना मी काय शहाणपण शिकवणार? पण मतदानाचा दिवस संपला की फलक उतरतो आणि पाठपुराव्याचा कागदही कोणी पुढे नेत नाही. बहिष्कार टाकणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी काय करायचं ते आधी ठरवावं.

भूम, परंडा, वाशीच्या वाचकांना एक विनंती. घरात नव्वदीच्या पुढचं कोणी असेल, तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. आपल्या गावाला करोडगिरीचा नाका कुठे होता, लेव्हीचं धान्य कोण न्यायचं, कॅम्पवर घरातलं कोण होतं, हे विचारा आणि वहीत उतरवून घ्या. गावाचं नाव घालून मला पाठवा. या स्तंभात मी ते छापीन.