वापरलेला लॅपटॉप : घेणाऱ्याचे कान आणि विकणाऱ्याचे इमान

ध्वनिमुद्रणाचे काम आता स्टुडिओच्या चार भिंतींत राहिलेले नाही. जलशातील बयान, मदरशातील मुलांची किराअत, उर्सातील कव्वाली, कोकणातील लग्नघरातील बायकांची गाणी, वृद्धांच्या आठवणी हे सर्व जागेवर जाऊन टिपणारे तरुण आपल्या समाजात पुष्कळ आहेत. कोणी हौसेने करतो, कोणी त्यावर घर चालवतो. नवा लॅपटॉप परवडत नाही म्हणून यांपैकी बरेच जण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपापल्या शहरातील जुन्या मालाच्या दुकानात जातात. तेथे गल्ल्यावर बसलेला माणूसही अनेकदा आपलाच असतो. घेणारेही आपण आणि विकणारेही आपण. म्हणूनच दोन्ही बाजूंना चार गोष्टी स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमच्या परिचयातील एक तरुण काही वर्षांपूर्वी आपल्या आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात, वृद्ध नानीची लग्नगीते टिपण्यासाठी गेला. महिन्यापूर्वीच घेतलेला वापरलेला लॅपटॉप बरोबर होता. दुकानदाराने 'बॅटरी एकदम ओके' असे सांगितले होते. दुपारी गावात वीज नव्हती. नानी रंगात येऊन गाऊ लागली आणि विसाव्या मिनिटाला यंत्र बंद पडले. पुढच्या ईदला तो पुन्हा गेला, तेव्हा आजारपणाने नानीचा आवाज बसला होता. लॅपटॉपचे पैसे कदाचित परत मिळाले असते, त्या दुपारचा आवाज मिळणार नव्हता. या धंद्यातील एका खोट्या शब्दाची किंमत एवढी असू शकते.

चकाकी नको, शांतता पाहा

आमच्या मते पहिली चूक खरीददाराचीच होते. तो प्रोसेसर किती वेगवान, पडदा किती मोठा, अंगावर ओरखडे किती, हे पाहतो. ध्वनिमुद्रणाला वेग फारसा लागतच नाही. सेकंदाला ४८,००० नमुने, २४ बिट आणि दोन वाहिन्या असा चांगल्या दर्जाचा आवाज साठवायला तासाला साधारण १ जीबी जागा पुरते. एक-दोन मायक्रोफोनचे काम पाच-सात वर्षांचे यंत्र आरामात करते. ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबीची एसएसडी पुरेशी आहे.

लागते ती शांतता. खेळासाठी बनवलेले दणकट लॅपटॉप स्वस्तात मिळाले तरी घेऊ नयेत, कारण त्यांचे पंखे घोंगावतात आणि बंद खोलीत तो आवाज मायक्रोफोन बरोबर टिपतो. फिरती तबकडी असलेली जुनी हार्ड डिस्कही नको. ती घरघरते आणि एसटीच्या हादऱ्यांनी बिघडते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम-१ चिपच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही, म्हणून ध्वनिमुद्रणासाठी ते उत्तम. मात्र त्याची मेमरी व साठवण आतच पक्की जोडलेली असते, पुढे वाढवता येत नाही. यूएसबी-सी प्रकारचे दोनच पोर्ट असतात, त्यामुळे जोडणीचा डबा वेगळा घ्यावा लागतो. इंटेल चिपचे जुने मॅकबुक स्वस्त दिसले तरी विचार करावा. टाहो ही इंटेल यंत्रांना मिळणारी शेवटची प्रणाली असल्याचे ॲपलने २०२५ सालीच जाहीर केले आहे.

विंडोज हवे असेल त्यांनी कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले लॅपटॉप पाहावेत. ते दिसायला साधे, पण बांधणीला मजबूत असतात. उदाहरणार्थ २०१८ चे थिंकपॅड टी-४८० घ्या. त्यात एक बॅटरी आत व दुसरी बाहेरून काढता येणारी असते, मेमरीही बदलता येते. प्रवासात जादा बॅटरी खिशात ठेवण्याची सोय ही मोठी गोष्ट आहे. इंटेलची सर्वसाधारणपणे आठवी पिढी किंवा त्यापुढचे यंत्रच घ्यावे, कारण विंडोज ११ साठी ती अट आहे आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

दुकानात उभे राहून काय तपासावे

बॅटरीबाबत तोंडी शब्दावर विसंबू नये. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढण्याची आज्ञा आहे, दुकानदाराला ती ठाऊक असते. त्या अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी छापून येते. मूळ ५० वॅट-तास व आज २५ असेल, तर बॅटरी निम्मी मेली. यंत्र १० वॅटने वीज खात असेल तर ती अडीच तास चालेल, आणि मायक्रोफोनला ४८ व्होल्टचा पुरवठा यंत्रातूनच होत असेल तर त्याहून कमी. मॅकबुकमध्ये चार्जच्या फेऱ्यांची संख्या दिसते. त्यांच्या बॅटऱ्या १,००० फेऱ्यांच्या हिशेबाने बनवलेल्या असतात.

आपला मायक्रोफोन, आपली ध्वनिपेटी आणि आपले हेडफोन घेऊनच दुकानात जावे. चार्जर काढून अर्धा तास ध्वनिमुद्रण चालू ठेवावे. मग चार्जर लावावा आणि ऐकावे. चार्जर लावताच गुंई असा आवाज येऊ लागला, तर दोष चार्जरचा किंवा जमिनीच्या तारेचा आहे. अशा यंत्रावर काम बॅटरीवरच करावे लागेल, म्हणजे बॅटरी आणखी महत्त्वाची. प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये वायर घालून हळूच हलवावी. ढिला पोर्ट म्हणजे मध्येच तुटलेला आवाज. मुद्रणात 'टक् टक्' ऐकू आले तर वाय-फाय बंद करून पुन्हा पाहावे. अनेकदा दोष वाय-फायच्या ड्रायव्हरचा असतो. लेटन्सीमॉन नावाचा मोफत प्रोग्रॅम असा अडथळा कोठून येतो ते दाखवतो.

यंत्र चालू करताना कोणत्याही कंपनीचे नाव, पासवर्डची मागणी किंवा आधीच्या मालकाचे खाते दिसले तर ते घेऊ नये. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि आपल्या दीनमध्येही असा माल हलाल होत नाही.

आणखी एक गोष्ट. सगळे पैसे लॅपटॉपवर संपवू नका. चांगला मायक्रोफोन आणि लांब वायर नसेल तर महागडे यंत्रही निरुपयोगी. यंत्र बोलणाऱ्यापासून दोन-तीन मीटर दूर ठेवता आले पाहिजे. एकट्याचेच बोलणे टिपायचे असेल, तर हातात मावणारा रेकॉर्डर जास्त सोयीचा पडतो. अशा वेळी लॅपटॉप नक्कल करण्यापुरता व कापाकापीपुरता लागतो आणि तो कोणताही चालतो. आणि त्याच रात्री दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. विमानाने जाणाऱ्यांनी सुट्या बॅटऱ्या हातातील सामानातच ठेवाव्यात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही.

विकणाऱ्या बांधवांस

आता दुकानदार बांधवांकडे वळतो. जुन्या मालाचा धंदा हलका नाही. टाकून दिलेले यंत्र दुरुस्त करून गरजूच्या हाती देणे ही सेवाच आहे. परंतु 'जुना माल आहे, जसा आहे तसा' एवढे म्हणून जबाबदारी संपते, हे आम्हाला मान्य नाही. हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले. तर ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारले गेले. धान्य विकण्यास कोणी मनाई केली नाही. मनाई ओलेपणा झाकण्याला होती. आजच्या काळातील ओले धान्य म्हणजे मेलेली बॅटरी, आणि तिच्यावरचे कोरडे धान्य म्हणजे पुसून चकचकीत केलेले झाकण.

फिकहमध्ये खियार-ए-ऐब, म्हणजे लपलेला दोष निघाल्यास माल परत करण्याचा हक्क सांगितला आहे. अट ठरवून तीन दिवसांपर्यंत सौदा फिरवण्याची मुभा, खियार-ए-शर्त, हीही आहे. हा हक्क ग्राहकाने भांडून मिळवावा लागू नये, दुकानदारानेच तो पावतीवर लिहून द्यावा.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वापरलेल्या लॅपटॉपबरोबर अर्ध्या पानाचे ऐबपत्र द्यावे. बॅटरीची मूळ व आजची क्षमता, कोणता पोर्ट ढिला आहे, पंखा किंवा डिस्क बदलली आहे काय, यंत्र कोठून आले, अनुक्रमांक काय, आणि तीन दिवसांची मुदत, एवढे त्यावर असले की पुरे. कोणी म्हणतील, दोष लिहून दिला तर भाव पडेल. काही प्रमाणात पडेलही. परंतु ज्याला आवाजाचेच काम करायचे आहे, तो दोष माहीत असलेले यंत्र आनंदाने घेतो. बॅटरी निम्मी आहे हे कळले तर तो दुसरी बॅटरी बरोबर ठेवतो. ती बॅटरीही तो तुमच्याकडूनच घेईल, आणि पुढच्या वेळी मित्राला घेऊन येईल. फसलेला माणूस मात्र पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकत नाही.

करापायी पावती टाळणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे की, जीएसटीत जुन्या मालाच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला, ठरलेल्या अटी पाळल्यास, संपूर्ण किमतीवर नव्हे तर खरेदी व विक्रीतील फरकावर कर भरण्याची सोय आहे. पावती न देण्याचे सबळ कारण त्यामुळे उरत नाही.

आपल्या घरांतील जुने आवाज झपाट्याने कमी होत आहेत. ते टिपायला निघालेल्या तरुणाच्या पाठीवरच्या पिशवीत काय आहे, हे दुकानदाराच्या एका शब्दावर ठरते. तो शब्द खरा असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. धंद्यातील बरकत तेथूनच येते.