परसबाग : वारा पाहून पाणी द्या

होळी जवळ आली की परसात दुधी-काकडीचे वेल मांडवावर चढतात आणि वांगी-मिरची फुलावर येते. नेमकी याच वेळी हवा लहरीपणा करते. पहाटे गारवा, दुपारी कडक ऊन, मध्येच दोन दिवस मळभ. मग फुले गळतात आणि दोष बियाण्याला नाहीतर कुणाच्या नजरेला दिला जातो. खरे कारण बहुधा वाऱ्यात असते.

पनवेल-उरण रस्त्यावरचे जासई घ्या. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की ऊन सुसह्य होते. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस जमिनीकडून पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, खारा वारा उशिरा येतो आणि पारा एकाएकी पस्तिशीपार जातो. असे ऊन लागले की टोमॅटो-मिरचीचे परागकण निकामी होतात, फुले गळतात. देशात २०२२ चा मार्च आणि २०२३ चा फेब्रुवारी हे महिने दिवसाच्या तापमानात १९०१ पासून तोवरचे सर्वांत तापलेले ठरले. तेव्हा जुन्या तिथीवर विसंबून चालणार नाही.

जासईच्या घरांना परसाचे मोल सांगायला नको. नवी मुंबईसाठी या भागातल्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. ज्यांची शेते गेली, त्यांच्या हाती अंगणामागचा तुकडाच उरला. त्यातली भाजी म्हणजे बाजाराचा वाचलेला पैसा.

मग काय करावे?

सकाळी पूर्वेचा कोरडा वारा जाणवला तर ऊन चढण्यापूर्वी बुंध्याशी पाणी द्यावे. भर दुपारी देऊ नये. आळ्यात भाताचा पेंढा चार बोटे जाड पसरावा. ओल टिकते, आणि विहिरीचे पाणी मचूळ असेल तर मातीवर खारही कमी फुटतो. पश्चिमेच्या बाजूने नारळाच्या झावळ्या उभ्या कराव्यात.

उन्हाळ्यात वेलांवर नरफुले जास्त येतात. फुलाखाली इवलेसे फळ दिसते ती मादी. काकडीचे नरफूल सकाळी खुडून मादीफुलावर अलगद फिरवावे. दुधी संध्याकाळी फुलतो, त्याचे काम तेव्हाच करावे.

मळभ आले तर पाणी कमी करावे आणि पानांची खालची बाजू पाहावी. मावा-तुडतुडे दिसले तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात आणि गाळून संध्याकाळी फवाराव्यात. भुरीची पाने खुडून टाकावीत. गंधक कडक उन्हात मारू नये, पाने करपतात.

फुले गळाली म्हणून झाड उपटू नका, युरियाही ओतू नका. हवा उतरली की फुले पुन्हा धरतात. आणि या उन्हातही ज्या वेलाने फळ धरले, त्याला दोऱ्याची खूण बांधा. पुढच्या वर्षाचे बी त्याचेच ठेवा.