हैदराबादचं हिमायतनगर, नांदेडचं हिमायतनगर: पर्यटनाचा नकाशा सीमेवरच का संपतो?

हैदराबादच्या हिमायतनगरात तेलंगणा पर्यटन विकास महामंडळाचं 'टुरिझम हाउस' आहे. त्याच भागात तिरुमला तिरुपती देवस्थानचं बालाजी मंदिर आहे आणि काचीगुडा स्टेशनही फार लांब नाही. नांदेड, परभणी, लातूरकडून हैदराबाद बघायला येणाऱ्या मराठी माणसाला हा परिसर परका वाटत नाही. चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग, हुसेनसागरातला बुद्ध, वेळ उरला तर रामोजी फिल्मसिटी असा दोन-तीन दिवसांचा ठरलेला फेरा होतो. उलट दिशेनं, हैदराबादहून शिर्डीला जाणाऱ्या पॅकेज टूरही वर्षानुवर्षं चालू आहेत.

याच नावाचं दुसरं गाव नांदेड जिल्ह्यात आहे. जुनं नाव वाढोणा, परमेश्वर मंदिरासाठी ओळखलं जाणारं, आता तालुक्याचं ठिकाण. हैदराबादच्या हिमायतनगराला सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे थोरले पुत्र हिमायत अली खान ऊर्फ आझम जाह यांचं नाव मिळालं. सप्टेंबर १९४८ पर्यंत ही दोन्ही ठिकाणं एकाच संस्थानात होती आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात. नंतर मधे राज्याची सीमा आली. माणसांचं जाणं-येणं चालूच राहिलं, कार्यालयं मात्र वेगळी झाली. आज सीमाभागातल्या पर्यटनाचं जे काही अडलंय, ते इथंच अडलंय.

गाडीला सीमा नाही, नकाशाला आहे

हैदराबादहून आदिलाबादला रेल्वेनं निघालेल्या माणसानं खिडकीतून बाहेर बघावं. निजामाबाद गेलं, बासर गेलं की धर्माबाद लागतं, म्हणजे महाराष्ट्र. उमरी, मुदखेड, भोकर, हिमायतनगर, किनवट करत गाडी पुन्हा तेलंगणात शिरते. तेलंगणाच्या राजधानीतून तेलंगणाच्याच एका जिल्ह्याच्या गावी जायला महाराष्ट्रातून जावं लागतं.

या एका मार्गाच्या आसपास काय काय आहे, ते मोजून बघण्यासारखं आहे. बासरला गोदाकाठी ज्ञानसरस्वतीचं मंदिर, जिथं मराठी आणि तेलुगू दोन्ही घरांतली पोरं पाटीवर पहिलं अक्षर गिरवतात. नांदेडला सचखंड गुरुद्वारा. इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, ज्याचा एक काठ नांदेड जिल्ह्यात तर दुसरा यवतमाळच्या उमरखेड तालुक्यात. माहूरची रेणुकामाता आणि उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे. पलीकडे नेरडिगोंडा मंडलात कडेम नदीवरचा कुंटाला, सुमारे ४५ मीटर उंचीचा धबधबा. निर्मलची लाकडी खेळणी. आणि केसलापूरची नागोबा जत्रा, जिथं पौष अमावास्येला मेश्राम कुळातले गोंड बांधव यवतमाळ, चंद्रपूर, किनवटकडूनही येतात.

चार-पाच दिवसांची सहल सहज होईल, इतकं हे सगळं आहे. पण महाराष्ट्राच्या नकाशावर माहूर आहे आणि कुंटाला नाही. तेलंगणाच्या नकाशावर बासर आहे आणि सहस्रकुंड नाही. प्रत्येक राज्याची माहिती आपल्या शेवटच्या गावापाशी संपते. कुटुंबाला सहल मात्र एकच आखायची असते.

प्रकाशझोत कुठं पडला

दोन्ही राज्यं पर्यटनावर मोठं बोलतायत. महाराष्ट्रानं २०२४ मध्ये नवं पर्यटन धोरण आणलं, तेलंगणानं २०२५ मध्ये. रामप्पा मंदिराला २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. शिवकाळाशी जोडलेल्या १२ किल्ल्यांना तो २०२५ मध्ये मिळाला, त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि १ तमिळनाडूतला जिंजी. या किल्ल्यांची यादी मराठी वाचकानं नीट बघावी. दोन राज्यांतली ठिकाणं एकाच प्रस्तावात बसवता येतात, त्यासाठी इतिहास एक असला की पुरतं, याचा पुरावा त्या यादीतच आहे.

मे २०२५ मध्ये हैदराबादेत मिस वर्ल्ड स्पर्धा झाली. जगभरातल्या स्पर्धकांना चारमिनार, रामप्पा, यादगिरीगुट्टा, पोचमपल्ली, नागार्जुनसागर दाखवण्यात आलं. राज्याची जाहिरात जोरात झाली. पण हा सगळा फेरा हैदराबादच्या पूर्वेला आणि दक्षिणेला राहिला. उत्तरेकडचं आदिलाबाद-निर्मल त्यात बसलं नाही. मुंबईतून आखलेल्या कार्यक्रमांत किनवट-माहूरचं जे होतं, तेच हैदराबादेतून आखलेल्या कार्यक्रमात आदिलाबादचं झालं. राजधानीपासून लांबचा जिल्हा दोन्हीकडे शेवटच्या पानावर.

गर्दी येते, पैसा थांबत नाही

पावसाळ्यातल्या कोणत्याही रविवारी सहस्रकुंडला किंवा कुंटालाला गर्दी असतेच. माणसं सकाळी येतात, फोटो काढतात, घरून आणलेला डबा खातात आणि संध्याकाळी परततात. गावात मागं उरतात त्या प्लास्टिकच्या पिशव्या. मुक्कामाची चांगली सोय नसेल तर पाहुणा थांबत नाही, आणि पाहुणा थांबत नाही म्हणून कुणी सोय करत नाही.

हे दुखणं फक्त आपलंच नाही. इटलीतल्या व्हेनिसनं २०२४ मध्ये, मुक्काम न करता दिवसापुरतं येणाऱ्यांवर ठरावीक दिवशी ५ युरो प्रवेश शुल्क लावलं. शहर वापरायचं आणि खर्च दुसरीकडे करायचा, अशा पाहुण्यांनी तिथले रहिवासी वैतागले होते. व्हेनिसकडे निदान शुल्क लावायला एक महापालिका आहे. सहस्रकुंडच्या दोन काठांवर दोन जिल्हे आहेत.

दोन देशांत वाटलेल्या धबधब्याचंही उदाहरण आहे. झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवरचा व्हिक्टोरिया धबधबा १९८९ मध्ये दोन्ही देशांच्या नावानं जागतिक वारशात गेला. २०१४ मध्ये दोघांनी मिळून एकच व्हिसा सुरू केला, म्हणजे पाहुण्याला दोन्ही बाजूंनी धबधबा बघता यावा. त्यांचे झेंडे, चलन, सैन्य सगळं वेगळं. इथं तर एकाच देशातले जिल्हे आहेत.

बसच्या तिकिटात दिसणारी सीमा

सीमा कुठं आहे, हे बाईमाणसाला बसच्या तिकिटावरून बरोबर कळतं. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महिलांना ठरावीक बसमधून मोफत प्रवास आहे, पण तो तेलंगणाच्या रहिवाशांना आणि राज्याच्या हद्दीतच. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेही राज्याच्या हद्दीपुरतं. म्हणजे भैंशाहून माहूरला देवीला निघालेल्या बाईचा मोफत प्रवास सीमेवर संपतो. धर्माबादहून लेकराला घेऊन बासरला अक्षराभ्यासाला निघालेल्या आईला पलीकडं तेलंगणाची मोफत सवलत मिळत नाही, कारण तिचं आधारकार्ड महाराष्ट्राचं. अंतर थोडंच, माणसं तीच, देवीही तीच. योजना दोन्ही चांगल्या आहेत, पण दोन्ही आखताना सीमेवरचा प्रवासी कुणाच्या डोळ्यासमोर नव्हता.

२०२७ ची परीक्षा

आतापर्यंतचा तोटा पैशाचा आणि सोयीचा आहे. २०२७ मध्ये प्रश्न जिवाचा होऊ शकतो. त्या वर्षी नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे आणि त्याच वर्षी तेलंगणा-आंध्रात गोदावरी पुष्करम. दोन्हींचा आधार एकच, गुरूचा सिंह राशीतला प्रवेश. २०१५ मध्ये दोन्ही एकाच दिवशी, १४ जुलैला सुरू झाले होते. त्याच दिवशी आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या पुष्कर घाटावर चेंगराचेंगरी होऊन २७ भाविकांचा जीव गेला. नाशिकनं असा दिवस २००३ च्या ऑगस्टमध्ये बघितला, तिथं ३९ जण गेले.

महाराष्ट्रानं नाशिकसाठी स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरण नेमलं आहे. तेलंगणा आपल्या घाटांची तयारी करेल. पण नाशिकहून निघालेली गोदावरी तेलंगणात शिरते ती बासरच्या परिसरात, आणि पुष्करमला बासरला येणाऱ्यांत मराठवाड्यातली गर्दी मोठी असणार. हे भाविक नांदेड-मुदखेड-धर्माबाद मार्गानं येतील. धर्माबाद स्टेशनवर गर्दी थोपवायची की पुढं सोडायची, हे कोण ठरवणार? घाटावर मराठीत सूचना देणारा भोंगा असणार का? कुणाला लागलं तर अँब्युलन्स निजामाबादला जाईल की नांदेडला? याची उत्तरं एका राज्याच्या बैठकीत मिळणार नाहीत.

पाण्याचंही तसंच. बासरच्या वरच्या अंगाला धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे असतात. पुष्करम पावसाळ्याच्या पहिल्या टप्प्यात येतं. पाऊस लांबला तर घाटावर पाणी किती असेल, हा दोन राज्यांनी मिळूनच सोडवायचा विषय आहे.

एकत्र बसता येतं, हे सिद्ध झालंय

'दोन राज्यांचं जमत नाही' हे कारण इथं चालणार नाही. बाभळीचे दरवाजे उघडताना दरवर्षी दोन्ही राज्यांचे अधिकारी केंद्रीय जल आयोगाच्या अधिकाऱ्यांसोबत उभे असतात. ऑगस्ट २०१६ मध्ये दोन्ही मुख्यमंत्र्यांनी मुंबईत बसून मेडिगड्डा, तुमडीहेटी आणि पैनगंगेवरच्या चनाखा-कोरटा प्रकल्पांच्या करारांवर सह्या केल्या. पाण्यासाठी जे जमलं, ते पाहुण्यांसाठी जमायला हरकत काय?

मागणीही फार मोठी नाही. बासर, नांदेड, सहस्रकुंड, माहूर, कुंटाला असा एकच नकाशा, दोन्ही महामंडळांच्या नावानं, मराठी आणि तेलुगूत. हैदराबादच्या टुरिझम हाउसमध्ये माहूरची माहिती मिळावी, नांदेडला कुंटालाची. धबधब्यांवर दोन्ही भाषांत धोक्याचे फलक. यात्रेच्या दिवसांत सीमेपलीकडच्या पहिल्या मोठ्या स्टँडपर्यंत महिलांची सवलत. आणि २०२७ साठी नांदेड, निर्मल, निजामाबाद या तीन जिल्ह्यांचा एक नियंत्रण कक्ष.

पहिल्या चार गोष्टींना उशीर झाला तर सीमाभागाचं आणखी एक वर्ष वाया जाईल. पाचवीला उशीर परवडणारा नाही. नांदेड, निर्मल आणि निजामाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांची पहिली एकत्र बैठक कधी होते, यावरून तयारी खरी की कागदावरची, ते कळेल. सीमाभागातल्या लोकप्रतिनिधींनी, दोन्हीकडच्या, ही तारीख आत्ताच मागून घ्यायला हवी.