आयबीएम आय प्रणालीवरील सॉफ्टवेअर वितरण

आयबीएम आय ही आयबीएमच्या मध्यम श्रेणीच्या संगणकांवर चालणारी संचालन प्रणाली आहे. इ.स. १९८८ मध्ये एएस/४०० या नावाने आलेल्या संगणकांची परंपरा ती पुढे चालवते. इ.स. २०१८ पासून या प्रणालीवर आरपीएम पॅकेजे व यम हा पॅकेज व्यवस्थापक उपलब्ध आहे. त्यामुळे मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची स्थापना पुष्कळ सुलभ झाली; आरपीजी भाषेतील मूळ आज्ञावल्यांचे वितरण मात्र बव्हंशी जुन्याच पद्धतीने होते.

== पारंपरिक पद्धत ==
या प्रणालीत आज्ञावल्या साध्या फायली म्हणून नव्हे, तर लायब्ररीतील ऑब्जेक्ट म्हणून राहतात. वितरणासाठी लायब्ररी 'सेव्ह फाइल'मध्ये जतन करून दुसऱ्या संगणकावर पाठवली जाते व तेथे पुनःस्थापित केली जाते. नव्या आवृत्तीसाठी जतन केलेले ऑब्जेक्ट जुन्या आवृत्तीवर पुनःस्थापित होत नाही. म्हणून जतन करतानाच लक्ष्य आवृत्ती निश्चित करावी लागते. ही पद्धत भरवशाची असली, तरी आज्ञावलीला लागणारी इतर सॉफ्टवेअरे सेव्ह फाइल स्वतः शोधून आणत नाही.

== ५७३३-ओपीएस ==
नोड.जेएस, पायथन व गिट यांसारखी साधने आयबीएमने प्रथम ५७३३-ओपीएस या परवानाप्राप्त उत्पादनाद्वारे दिली. त्यातील प्रत्येक साधन स्वतंत्र पर्याय होते आणि सुधारणा पीटीएफ या दुरुस्ती संचांद्वारे येत. मुक्त स्रोत प्रकल्पांच्या वेगाशी हा क्रम जुळणारा नव्हता. सुरक्षाविषयक दुरुस्ती मूळ प्रकल्पाने प्रसिद्ध केली, तरी ग्राहकाला पीटीएफची वाट पाहावी लागे. इ.स. २०१९ च्या अखेरीस या उत्पादनाचे समर्थन संपले.

== आरपीएम व यम ==
ही पॅकेजे 'पेस' या एआयएक्स-सुसंगत वातावरणात चालतात. एखादे पॅकेज मागितल्यास त्याला आवश्यक असलेली इतर पॅकेजे यम भांडारातून आपोआप आणतो. लिनक्सवर काम केलेल्या तंत्रज्ञांना ही रीत परिचित असते. आज्ञा टंकित करू न इच्छिणाऱ्यांसाठी अ‍ॅक्सेस क्लायंट सोल्यूशन्स या साधनात चित्रात्मक सोय आहे. संगणक महाजालापासून अलग ठेवला असल्यास संस्थेच्या अंतर्गत जाळ्यात भांडाराची प्रत ठेवता येते.

== मर्यादा ==
या बदलाने प्रणालीवर दोन समांतर व्यवस्था निर्माण झाल्या. संचालन प्रणालीच्या दुरुस्त्या पीटीएफने येतात, तर मुक्त स्रोत पॅकेजांच्या यमद्वारे. त्यामुळे केवळ पीटीएफ अद्ययावत ठेवल्याने संगणक सुरक्षित राहतोच असे नाही. पॅकेजांची नोंद व तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते. पॅकेज व्यवस्थापकही या प्रश्नातून सुटला नव्हता: यम मुळात पायथन २ वर आधारलेला होता आणि भाषेच्या त्या आवृत्तीचे अधिकृत समर्थन १ जानेवारी २०२० रोजी संपले.

शिवाय एकाच उपयोजनात आरपीजी आज्ञावली, डेटाबेस तक्ते व नोड.जेएसचा भाग असल्यास तिन्हींचे वितरण एकाच पॅकेजातून करण्याची सर्वमान्य पद्धत नाही. आरपीएम फायली मांडते. लायब्ररीतील ऑब्जेक्ट, त्यांची मालकी व अधिकार यांची व्यवस्था वितरकाला वेगळ्या आज्ञांनी करावी लागते. अनेक संस्थांचे हिशेब व साठ्याचे व्यवहार आरपीजी आज्ञावल्यांवरच चालतात. वितरणातील सुलभता अद्याप त्या भागापर्यंत पुरेशी पोचलेली नाही.