सप्टेंबरची पहिली तारीख

अन्नवस्त्र, औषधपाणी, शाळा यांपैकी कशाचीही उणीव नसलेल्या घरातील मूलही मनाने खचू शकते. जपानकडे पाहिले म्हणजे हे प्रकर्षाने जाणवते. 'युनिसेफ'ने २०२० मध्ये ३८ संपन्न देशांतील मुलांच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध केला. शारीरिक आरोग्यात जपान पहिला ठरला. मानसिक स्वास्थ्यात मात्र सदतिसावा. पंधरा वर्षांच्या मुलांना आयुष्य कितपत समाधानाचे वाटते आणि किशोरवयात आत्महत्येचे प्रमाण किती आहे, यांवरून हा क्रम लावला होता.

आजारपण वा गरिबी हे कारण नसताना वर्षभरात तीस किंवा अधिक दिवस शाळेत न जाणाऱ्या मुलांना तेथे 'फुतोको' म्हणतात. प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांत २०२३ च्या शैक्षणिक वर्षी अशी ३,४६,४८२ मुले होती. ही संख्या सलग अकराव्या वर्षी वाढली. यांतील प्रत्येक मूल मनोरुग्ण असते असे नव्हे. परंतु निरुत्साह, चिंता आणि नैराश्य यांचा उल्लेख शाळांच्या नोंदींत वारंवार आढळतो. २०२२ ते २०२४ या काळात दरवर्षी पाचशेहून अधिक शालेय विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपवले, हे त्याहून दुःखद होय.

१९७२ ते २०१३ या कालखंडाच्या सरकारी आकडेवारीत असे सर्वाधिक मृत्यू १ सप्टेंबरला, म्हणजे उन्हाळी सुटी संपून शाळा उघडण्याच्या सुमारास झालेले दिसले. २०१५ च्या ऑगस्टअखेरीस कामाकुरा येथील सार्वजनिक ग्रंथालयाने मुलांना समाजमाध्यमावरून निरोप दिला : शाळेत जाणे मरणाहून कठीण वाटत असेल, तर आमच्याकडे या, दिवसभर बसलात तरी कोणी काही विचारणार नाही. पुढच्याच वर्षी संमत झालेल्या कायद्याने अशा मुलांना विश्रांतीची गरज असते, हे मान्य केले आणि शाळेबाहेरील शिक्षणासही महत्त्व दिले.

मुलांच्या मनाचा त्रास पुष्कळदा पोटदुखी वा डोकेदुखीच्या रूपाने प्रकट होतो आणि घरचे त्यास शाळा चुकवण्याचा बहाणा समजतात. म्हणून पालकहो, रात्री दुकान वाढवून घरी आल्यावर मुलास गुण विचारण्याआधी त्याचा दिवस कसा गेला ते विचारावे, आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकावे. झोप, भूक, खेळ यांतील गोडी दोन आठवडे हरपलेली दिसली, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. ताप आल्यावर आपण लोकांना काय वाटेल याचा विचार करीत बसतो का?